युरियासोबत बाटली खपवायची की नाही?

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मी वडिलांचं कृषी सेवा केंद्र चालवतो. बीएस्सी ॲग्री झालोय. होलसेलर युरियाच्या प्रत्येक गाडीसोबत टॉनिकच्या पेट्या नाहीतर नॅनो खतांच्या बाटल्या गळ्यात मारतो. एका कंपनीने ऑगस्टअखेर ठरावीक पेट्या उचलल्या तर परदेशवारीची स्कीम दिली आहे. समोरच्या दुकानात शेतकऱ्याने काहीही विचारलं तरी तीन बाटल्यांचं कॉम्बिनेशन हातात ठेवतात, आणि गर्दी तिथेच असते. त्यातलं निम्मं गरजेचं नसतं हे मला कळतं. एमबीए झालेला मित्र म्हणतो, धंद्याची जबाबदारी एकच, नफा. वडील म्हणतात, उधारी सांभाळ, बाकी आपोआप होतं. मी धंदा करू की समाजसेवा?

उत्तर : समाजसेवा करू नका. दुकान बुडालं तर तुमच्या जागी येणारा माणूस बहुधा समोरच्यासारखाच असेल, आणि मग गावात शिकलेला एकही दुकानदार उरणार नाही.

मित्राने ऐकवलेलं मत अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं. १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात त्यांनी ते मांडलं. त्याच लेखात अटही घातली होती : नियमांत राहून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता. ही अट सांगायला मित्रमंडळी हमखास विसरतात. त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने खाटीक आणि पाववाल्याचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की आपल्याला जेवण मिळतं ते त्यांच्या दयेमुळे नव्हे, त्यांना स्वतःचा फायदा दिसतो म्हणून. तेही खरंच आहे. पण खाटकाकडचं मटण गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं, रविवारी शिजवून खातं, आणि चरबट निघालं तर पुढच्या रविवारी दुसरं दुकान गाठतं. तुमच्या काउंटरवरच्या बाटलीचं तसं नाही. फवारा मारला, दोन दिवसांनी पाऊस झाला, मावा (रस शोषणारी कीड) धुऊन गेला, श्रेय बाटलीला. मावा वाढला तर दोष हवामानाला. पाच हंगाम वापरूनही ती बाटली उपयोगाची होती की नव्हती हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नसतो.

म्हणून दुकानातल्या मालाचे मनातल्या मनात दोन ढीग करा. ताडपत्री, पाइप, फवारणी पंप, दोरी, विळे हा माल शेतकरी हाताने पारखतो, भाव चार ठिकाणी विचारून येतो. तिथे खुशाल मार्जिन लावा, घासाघीस करा. दुसरा ढीग त्याला पारखता न येणाऱ्या गोष्टींचा : बाटलीत काय आहे, ती आज लागते का, किती लागते, युरिया खरंच संपलाय की मागे गोदामात आहे. तुमची जबाबदारी ती एवढ्या दुसऱ्या ढिगापुरती. पण तिथे ती पुरेपूर.

आता लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारणं. खत नियंत्रण आदेश, १९८५ हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आदेश आहे आणि अनुदानित खतासोबत दुसरा माल सक्तीने देणं हा गैरप्रकार आहे. शेतकऱ्याला देणारे तुम्ही असाल तर सापडणारेही तुम्हीच. होलसेलरचं नाव पावतीवर येत नाही. शिवाय हिशेबही तोट्याचा आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांनाच द्यायची. डीलर मार्जिन टनामागे ३५४ रुपये, म्हणजे गोणीला सोळा रुपयांच्या आत, आणि हमाली त्यातूनच. १०० गोण्यांवर १,६०० रुपये धरा. सोबत समजा १०,००० रुपयांच्या बाटल्या आल्या आणि त्यातल्या पाचव्या हिश्श्याची मुदत तुमच्या गोदामातच संपली, तर २,००० रुपये गेले. बाटल्या खपवल्या तरच हा व्यवहार अंगावर येत नाही. तुमच्यावरचा दाब असा शेतकऱ्यावर ढकलला जातो, आणि तो पुढे कुणावर ढकलणार?

एकट्याने तक्रार केली तर पुढची गाडी दुसऱ्याकडे जाते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आधी कागद तयार ठेवा. ऑर्डर फोनवर देऊ नका. व्हॉट्सॲपवर लिहा, ‘युरिया १०० गोणी, इतर काही नको.’ उत्तरात ‘सोबत पेट्या घ्याव्या लागतील’ असं आलं तर स्क्रीनशॉट. नाही आलं, तर युरियाचं बिल आणि न मागितलेल्या मालाचं बिल यांच्या तारखा आणि गाडीचा नंबर जुळवून ठेवा. तीन-चार वेळा जुळले की योगायोग राहत नाही. मग तालुक्यातल्या विक्रेता संघटनेतल्या निदान पाच-सहा जणांनी मिळून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या कृषी विकास अधिकाऱ्यांना एकत्र पत्र द्यावं. पोच घ्यावी. हे पत्र जूनच्या पेरणीत देऊ नका, त्या वेळी कुणाला वाचायला सवड नसते. एप्रिलमध्ये, खरीप नियोजनाच्या बैठकांच्या आधी द्या.

तोवर गळ्यात पडलेल्या बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवा, मागेल त्याला द्या, आणि ‘युरिया हवा तर ही घ्या’ हे वाक्य दुकानात कुणी उच्चारायचं नाही, काउंटरवरच्या पोरानेसुद्धा. साठा आणि भाव रोज फलकावर लिहा. तो नियमच आहे. पॉस मशीनमधला (खताची विक्री नोंदवणाऱ्या यंत्रातला) शिल्लक आकडा आणि गोदामातल्या गोण्या जुळत नसतील तर तुमची तक्रार कुणी ऐकणार नाही, उलट तुमचीच चौकशी लागेल.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतावरचं लिंकिंग टाळायला एक वाट आहे, आणि तिच्यात शेतकऱ्याचंही नुकसान नाही. ५० किलो डीएपीमध्ये ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो स्फुरद मिळतं, वर २० किलो युरिया टाकला की नत्रही भरून निघतं, आणि सुपर फॉस्फेटमधलं ११ टक्के गंधक मोफत पदरात पडतं. सोयाबीनला ते हवंच असतं. अडचण गोण्या वाढण्याची आहे. बैलगाडीवाल्याला तीन गोण्या जड वाटतात आणि ‘डीएपीसारखा दाणा नाही’ असं ऐकावं लागतं. हा हिशेब पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. बोलून पटत नाही ते आकडे बघून पटतं.

टॉनिकचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण सगळीच टॉनिकं बोगस नसतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जैव-उत्तेजकं, म्हणजे आपण ज्यांना टॉनिक म्हणतो ती, खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विकण्याची मुभा जून २०२५ मध्ये संपली. त्यामुळे पहिली चाळणी सोपी : अधिसूचित नाही, तुमच्या परवान्यात त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र (माल कुणाकडून येतो याचा दाखला) नाही, तो माल फळीवर नको. चाळणीतून उरलेल्या मालाला दुसरा प्रश्न विचारा : शेतकऱ्याने दाखवलेल्या पानावर याचं काय काम?

उदाहरणार्थ लाल्या. सप्टेंबरमध्ये कपाशीचं लाल पडलेलं पान घेऊन माणूस येतो आणि समोरच्या दुकानातून साताठशे रुपयांची पिशवी घेऊन जातो. तुम्ही ते पान उलटं करा. मागच्या बाजूला शिरांजवळ फिकट हिरवी, तिरपी चालणारी पिल्लं दिसत असतील आणि पानाच्या कडा मुरडून लाल होत असतील तर ते तुडतुडे आहेत. दर पानाला दोन-तीन पिल्लं ही नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे फवारणी करावी लागते ती मर्यादा. त्याच्या आत असतील तर थांबायला सांगा. पान मागून स्वच्छ आहे, लाली खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालीय आणि शिरा मात्र हिरव्या आहेत, तर मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता. त्यावर एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन टक्के युरियाची फवारणी. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ३०० ग्रॅम युरिया. दहा पंपांना युरिया लागला ३ किलो, किंमत १८ रुपयांच्या आसपास. पानं ओली असताना किंवा भर उन्हात फवारू नका, पान करपतं, आणि मग तो माणूस ‘स्वस्त सल्ला’ म्हणून गावभर सांगतो. जमिनीत पाणी साचून मुळं गुदमरली असतील तरी पान लाल पडतं. तिथे चर काढण्याखेरीज कुठलीही पिशवी उपयोगाची नाही.

या एका गिऱ्हाइकावर तुम्ही साताठशेची विक्री सोडली. प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो असं आम्ही लिहिणार नाही. कधी ठरतो, कधी नाही. टॉनिकचा गल्ला कमी होईल हे धरून चाला, आणि तो कुठून भरून काढायचा हे आधी ठरवा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे तुमची पदवी थेट गल्ल्यात उतरते : मात्रा. शेतकरी विचारतो ‘पंपाला किती?’ आणि दुकानदार ‘एक झाकण’ सांगतो. झाकणाचं माप प्रत्येक बाटलीचं वेगळं. तुडतुड्यांवर फ्लोनिकामिड ५० टक्के डब्ल्यूजी द्यायचं ठरलं, तर शिफारस हेक्टरी १५० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे एकरी ६० ग्रॅम आणि २०० लिटर, पंपाला साडेचार ग्रॅम. २०० लिटर म्हणजे तेरा पंप. आता त्याला विचारा, एकराला किती पंप जातात? कंबरेएवढ्या पऱ्हाटीला ‘आठ’ असं उत्तर येतं. आठ पंपांत ३६ ग्रॅमच गेलं, आणि शेंडे तेवढे ओले झाले. तुडतुडे पानामागे कोरडेच. चौथ्या दिवशी तो परत येतो, ‘औषध लागलं नाही.’ इथे समोरचा दुकानदार दुसरी बाटली मिसळायला देतो. तुम्ही पाणी वाढवायला सांगा, बाटली बदलू नका. ‘एकरी १३ पंप, पंपाला साडेचार ग्रॅम, पानामागून’ हे पावतीच्या मागे लिहून द्या. वीस-पंचवीस रुपयांचा मोजपेला किंवा छोटा मोजचमचा विकायला ठेवा. तो पहिल्या ढिगातला माल, त्यावर मार्जिन लावायला हरकत नाही.

मिसळण्याचं प्रकरण केवळ पैशांचं नाही. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी दाट वाढलेली कपाशी, दमट उकाडा, जोरात फवारणारे पंप, उघडं अंग आणि दोन-तीन कीटकनाशकं एका टाकीत, हे सगळं एकत्र आलं. मरणाऱ्यांत मजूर होते, ज्यांनी बाटली विकतही घेतली नव्हती. तुमचं गिऱ्हाईक काउंटरवर उभा असलेला शेतकरी. पण विष अंगावर घेणारा माणूस तुमच्या दुकानात कधी आलेलाच नसतो. त्याच्या बाजूने तिथे बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या, म्हणजे लेबलवरच्या खुणेनुसार सगळ्यात विषारी, मालासोबत हातमोजे, मास्क आणि चष्मा खरेदी भावात द्या, बिलावर वेगळी ओळ टाकून. घेणार नाही म्हणणारे भेटतील. तिथे लाल त्रिकोणाऐवजी त्याच किडीवर निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचा पर्याय असेल तर तो पुढे करा. बहुतेक वेळा असतो. लेबलवर शिफारस नसलेलं मिश्रण सांगू नका, लिहून तर मुळीच देऊ नका. पेटीतलं माहितीपत्रक बाटलीसोबत गेलंच पाहिजे. विषबाधा झाली तर १०८ ला फोन करायचा आणि बाटली, पत्रक डॉक्टरांकडे न्यायचं, कारण विषावरचा उतारा त्यावर छापलेला असतो. हे दर गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगा. लाल त्रिकोणाचा माल कुलपात ठेवा. ओळखीच्या घरातलं कुणी अवेळी येऊन, पीक न सांगता, तीच बाटली मागत असेल तर ‘संपली’ म्हणा, बसवून घ्या आणि त्याच्या घरी फोन करा. इथे खोटं बोललेलं चालतं.

वडिलांचं म्हणणं मात्र गंभीरपणे घ्या. उधारी हाच या धंद्यातला खरा कस आहे, आणि टॉनिक खपवण्याची खाजही तिथूनच येते. हिशेब बघा. ८८ रुपयांचा माल १०० ला विकला. पैसे सहा महिन्यांनी, कापूस विकल्यावर येणार. तुमच्या बँकेच्या कर्जाला वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ८८ वर सहा महिन्यांचे ५ रुपये २८ पैसे गेले. शंभरातले पाच बुडाले. हातात उरला पावणेदोन रुपयांच्या आसपास, त्यातून भाडं, वीज, मुनीम. साहजिकच दुकानदार दुप्पट मार्जिनच्या बाटलीकडे बघतो. आणि उधारीवाला ती नाकारू शकत नाही, कारण त्याचं खातं तुमच्याकडे अडकलंय, दुसऱ्या दुकानात जायची त्याला सोय नाही. रोखीवाला निदान तोंड फिरवून जाईल. तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त फसवता येण्याजोगा माणूस कोण, तर तुमचाच जुना उधारीवाला.

यावर नियम असा करा : उधारी फक्त बियाणं, पेरणीचं खत आणि नुकसानीची पातळी ओलांडलेल्या किडीवरच्या औषधापुरती. टॉनिक, वाढवर्धक, ‘हिरवेपणासाठी’ काही हवं असेल तर रोख. रोख मोजताना माणूस दोनदा विचार करतो, तुम्ही न सांगताही. एकरी उधारीची मर्यादा हंगामाआधी ठरवा आणि प्रत्येक उचलीला पावती, खात्यावर सही. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असेल तर दोन्ही पावतीवर दिसू द्या. छापील किमतीच्या वर मात्र उधारीतही जायचं नाही. वडिलांच्या वहीत ‘औषध – २४००’ अशा नोंदी असतील तर त्या आधी बदला. काय औषध, किती, कोणत्या तारखेचं, हे शेतकऱ्यालाही कळलं पाहिजे आणि वसुलीच्या वेळी तुम्हालाही.

परदेशवारीच्या स्कीमबद्दल आमचं मत सरळ आहे, घेऊ नका. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी किती औषध विकायचं हे किडीने ठरवायचं असतं आणि टार्गेट ते जूनमध्येच ठरवतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस पेट्या बाकी असतील तर तुमच्या डोळ्यांना प्रत्येक पानावर कीड दिसू लागेल, पदवी असली तरी. त्याऐवजी कंपनीकडे वेळेवर पैसे भरल्याची रोख सूट मागा. तिचा संबंध तुमच्या शिस्तीशी आहे, पेट्यांच्या संख्येशी नाही. आणि न खपलेला माल मुदतीच्या तीन महिने आधी परत घेण्याचं लेखी आश्वासन मागा. ते देत नसतील तर त्यांना आपला माल किती खपेल याचा अंदाज आहे, एवढं तुम्हाला कळलं.

समोरचा दुकानदार बिनबिलाचं ‘चोर बीटी’ विकतो असंही दिसलं तर त्याच्या वाटेने जाऊ नका. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीला परवानगी नाही, पाकिटावर जबाबदार कंपनी नाही, आणि उगवण फसली तर शेतकऱ्याला दाद मागायला पावतीही नाही. हे तोंडी सांगा, त्या दुकानाचं नाव न घेता. तेवढी गिऱ्हाइकं जातील.

शेवटचं काम कागदांचं. कीटकनाशक निरीक्षक नमुना घ्यायला आले तर त्याचे तीन भाग करून सील होतात आणि एक तुमच्याकडे राहतो. तो थंड, कोरड्या जागी जपून ठेवा, सील उघडू नका. अहवाल अप्रमाणित आला आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. माल परवानाधारकाकडून बिलावर घेतला, नीट साठवला आणि दोष तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे दाखवता आलं तर कायदा विक्रेत्याला संरक्षण देतो. ते दाखवायला खरेदीचं बिल, बॅच नंबरसह साठा नोंदवही आणि विक्रीची पावती लागते. मुदत संपलेला माल वेगळ्या कोपऱ्यात, ‘मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून ठेवा आणि कंपनीला पत्र पाठवून त्याची पोच फाइलला लावा. हे सगळं या आठवड्यात सुरू करता येईल. पाटी तर आजच.